बायकोशी बोलता यावं म्हणून घरात फोन बसवला, पण १० डॉलर नव्हते म्हणून फोनवरचा हक्क गेला

आज घरात वायफाय असलं की वरच्या खोलीतून खालच्या खोलीत काय, थेट अमेरिकेत फुकटात कॉल लागतो. पण कमी पैशात घरच्या घरी फोन बसवायचा हा उद्योग दीडशे वर्षांहून जुना आहे. तेव्हा टेलिफोन कंपन्याच काय, ग्रॅहम बेलचं पेटंटसुद्धा नव्हतं.

हा उद्योग करणाऱ्याचं नाव अँतोनिओ मेउच्ची.

मेउच्चीचा जन्म १८०८ चा, इटलीतल्या फ्लोरेन्सचा. तिथल्या पर्गोला नाटकगृहात तो पडद्यामागची तांत्रिक कामं बघायचा. रंगमंचावरून वरच्या लोकांना सूचना देता याव्यात म्हणून त्याने १८३४ मध्ये एक बोलनळी बसवली होती. यात विजेचा काही संबंध नव्हता, नळीतून नुसता आवाज जायचा. त्याच नाटकगृहात वेशभूषेचं काम करणाऱ्या एस्तेरशी त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. पुढच्या वर्षी दोघं क्युबाला गेले आणि हवानाच्या मोठ्या नाटकगृहात कामाला लागले.

हवानात मेउच्चीला विजेचा नाद लागला. त्या काळात विजेचे हलके झटके देऊन दुखणी बरी करायची टूम निघाली होती. १८४९ मध्ये असाच उपचार करताना दुसऱ्या खोलीतल्या रुग्णाचा आवाज तांब्याच्या तारेतून आपल्याला ऐकू आला, असं त्याने पुढे सांगितलं. तेव्हापासून तो या गोष्टीच्या मागे लागला.

१८५० मध्ये हे जोडपं न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर आलं. मेउच्चीने मेणबत्त्यांचा कारखाना काढला. त्या कारखान्यात हाताखाली कोण होतं माहितीये का? इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी गॅरिबाल्डी. सावरकरांनी ज्याचं चरित्र मराठीत आणलं त्या मॅझिनीच्या चळवळीतलाच हा माणूस. पराभवानंतर परागंदा झालेला गॅरिबाल्डी काही महिने मेउच्चीच्या घरी राहिला होता.

पुढे एस्तेरला संधिवाताने गाठलं. तिला अंथरुणातून उठणंही अवघड झालं. मेउच्ची दिवसभर तळघरातल्या प्रयोगशाळेत आणि बायको वरच्या मजल्यावर. हाक मारली तर ऐकू जाणार कशी? म्हणून १८५६ च्या सुमारास त्याने तळघरापासून तिच्या खोलीपर्यंत तार ओढली आणि दोन्ही टोकांना बोलण्या-ऐकण्याचं यंत्र बसवलं. त्याच्या वर्णनानुसार त्यात कातड्याचा पातळ पडदा होता, पडद्याच्या मधोमध धातूची चकती आणि मागे विद्युतचुंबक. आवाजाने पडदा थरथरला की तारेतला प्रवाह कमी-जास्त होतो आणि पलीकडचा पडदा तसाच थरथरतो, असं हे साधं तत्त्व आहे.

पण डोकं चालत होतं तसा व्यवहार चालला नाही. इंग्रजी जेमतेम, माणसांवर विश्वास जास्त. पैसे बुडत गेले आणि १८६१ मध्ये राहत्या घराचा लिलाव झाला. नव्या मालकाने राहू दिलं म्हणून छप्पर टिकलं.

३० जुलै १८७१ ला मेउच्ची वेस्टफील्ड नावाच्या फेरीबोटीवर असताना तिचा बॉयलर फुटला. तो भयंकर भाजला आणि कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. घरात पैसा नव्हता. एस्तेरने त्याची यंत्रं जुनं सामान घेणाऱ्याला विकली. किती डॉलरना? सहा!

बरा झाल्यावर त्याने पेटंटचा विचार केला. वकिलाने २५० डॉलर खर्च सांगितला, साथीदारांकडून जमले २०. मग त्याने डिसेंबर १८७१ मध्ये ‘कॅव्हिएट’ दाखल केलं. म्हणजे मी अमुक शोधावर काम करतोय, कुणी तसाच अर्ज केला तर मला कळवा, अशी सरकारदरबारी नोंद. ती दरवर्षी १० डॉलर भरून ताजी करावी लागायची. मेउच्चीने दोन वर्षं भरले. १८७४ मध्ये त्याला ते भरता आले नाहीत.

७ मार्च १८७६ ला बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं.

बेलने मेउच्चीचे कागद चोरले अशा पोस्ट फिरत असतात. त्याला ठोस पुरावा नाही. आपण एका टेलिग्राफ कंपनीकडे चाचणीसाठी कागद दिले आणि ते हरवल्याचं नंतर कळवण्यात आलं, असं मेउच्चीचं म्हणणं होतं. पण तिथून ते बेलपर्यंत पोचले, हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय त्याच्या कॅव्हिएटमध्ये एक मोठी उणीव होती. आवाजाचं विजेत रूपांतर कसं होतं, हा मुख्य मुद्दाच त्यात लिहिलेला नव्हता. विद्युतचुंबकाचाही उल्लेख नव्हता. त्यामुळे १० डॉलर भरले असते तर सगळं चित्र पालटलं असतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. निदान बेलचा अर्ज आल्यावर मेउच्चीला नोटीस गेली असती, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात.

बेलच्या कंपनीने मेउच्चीच्या हक्कावर धंदा करू पाहणाऱ्या ग्लोब कंपनीला कोर्टात खेचलं. १८८७ मध्ये निकाल मेउच्चीच्या विरोधात गेला. न्यायाधीशांच्या मते त्याचं यंत्र विजेवर बोलणारं नव्हतंच, आपण लहानपणी काडेपेट्यांना दोरा बांधून करायचो त्या फोनच्या जातीचं होतं. मेउच्चीच्या वह्यांचे आजचे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. बेलचं पेटंट रद्द व्हावं म्हणून अमेरिकन सरकारनेही खटला भरला होता, तो निकालाविनाच संपला.

तोवर एस्तेर गेली होती, १८८४ मध्ये. १८ ऑक्टोबर १८८९ ला मेउच्चीही गेला.

जून २००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून मेउच्चीच्या कामाचा गौरव केला. दहाच दिवसांत कॅनडाच्या संसदेने उलटा ठराव करून टेलिफोनचा जनक बेलच, असं ठणकावलं. बेलने आयुष्याचा मोठा काळ कॅनडात घालवला होता, त्यामुळे त्यांना राग येणं साहजिकच.

स्टेटन आयलंडवरचं ते घर आता म्युझियम आहे. नाव, गॅरिबाल्डी-मेउच्ची म्युझियम. त्यातही पाहुण्याचं नाव आधी.