विश्लेषण : सगळ्यांना एकच आहार का चालत नाही? डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी मांडलेलं गणित काय होतं?

लाळेचा नमुना पाठवा आणि तुमच्या जनुकांनुसार डाएट प्लॅन मिळवा, अशा जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात. प्रत्येक शरीराची गरज वेगळी, हा त्यामागचा दावा. हाच मुद्दा सुमारे ५० वर्षांपूर्वी एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने मांडला होता. मात्र त्यांच्यासमोर प्रश्न वजन घटवण्याचा नव्हता, देशात उपाशी कोणाला म्हणायचं हा होता.

कोण होते सुखात्मे?

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजनंतर ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये पीएचडी झाले. १९४० पासून त्यांनी दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत सांख्यिकीचं काम उभं केलं. १९५१ ते १९७० या काळात ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

सावनेरच्या शेतकऱ्याशी संबंध काय?

सावनेर तालुक्यात कापूस, सोयाबीनच्या पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात. ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, वजन करायचं आणि त्यावरून मंडळाचं उत्पादन काढायचं. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सुखात्मे होते. तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. छोट्या मोजमापावरून मोठा निष्कर्ष काढू नये, हा धडा त्यांनी पुढे आहाराला लावला.

आहाराबद्दल त्यांचं म्हणणं काय होतं?

१९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोज २,२५० कॅलरी हा निकष धरून गरिबी मोजली. पुढे नियोजन आयोगाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० कॅलरी हा आधार घेतला. सुखात्मे यांचा आक्षेप असा : हे आकडे सरासरी गरजेचे आहेत. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो. गरज माणसागणिक बदलते. इतकंच नाही, तर तेच काम करणाऱ्या त्याच माणसाची गरजही आठवड्यागणिक बदलते, कारण शरीर ऊर्जेचा वापर कमी-जास्त करून तोल सांभाळतं. म्हणून एका दिवसाचं ताट पाहून निकाल देऊ नये. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी हा सिद्धांत मांडला.

हिशेब सोपा आहे. सरासरी २,४०० आणि चढउतार (प्रमाणित विचलन) १५ टक्के धरला, तर सरासरीच्या दुप्पट विचलनाइतकी खालची सीमा १,७०० कॅलरींच्या आसपास येते. साहजिकच उपाशी ठरणाऱ्यांची संख्या बरीच घटते.

वाद कशामुळे झाला?

नेमकं याच कारणाने. दांडेकर यांनी या मांडणीला लेखी विरोध केला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचं म्हणणं होतं की शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, पण त्याची किंमत मोजतं : मुलांची उंची खुंटते, मोठ्यांची कामाची ताकद घटते. रेषा खाली आणली तर सरकारची जबाबदारीही कमी होईल, अशी टीकाकारांना भीती होती. हा वाद शेवटपर्यंत पूर्ण मिटला नाही. सुखात्मे यांचं २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात निधन झालं.

आज यातून काय घ्यायचं?

गरज वेगवेगळी असते, हे आता मान्य आहे. पण ती जनुकांच्या एका चाचणीतून कळतेच असं नाही. अमेरिकेत ६०९ प्रौढांवर वर्षभर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जनुकांच्या तपासलेल्या प्रकारानुसार कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार जास्त लागू पडतो, असं दिसलं नाही. त्यामुळे चाचणीवर पैसे खर्च करण्याआधी काही आठवडे आपलं खाणं, वजन आणि कामाचा थकवा लिहून ठेवावा. मधुमेह, रक्तदाब असेल किंवा बाळंतपण, लहान मूल असेल, तर डॉक्टरांचा सल्ला आधी.