फादर स्टीफन्स आणि नवधर्मीयांचा एक प्रश्न



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या वस्त्या ज्या बेटावर आहेत, त्या बेटाचे जुने नाव साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असे सांगतात. गोव्यातही एक साष्टी आहे. मडगाव, कुंकळ्ळी, राशोल ही गावे तिथली. या दोन्ही साष्टींवर एके काळी पोर्तुगीजांचा अंमल होता. बोरिवलीला मंडपेश्वराच्या लेण्यावर चर्चचे पडके अवशेष तुम्ही पाहिले असतील, ते त्याच अंमलातले. आज ज्यांची हकीकत सांगायची आहे ते फादर थॉमस स्टीफन्स गोव्याच्या साष्टीत आयुष्यभर राहिले. जन्माने इंग्रज, धर्माने ख्रिस्ती. त्यांचा आपला संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे तो एका प्रश्नाचा. नव्याने धर्म स्वीकारलेल्या माणसांनी त्यांना तो विचारला होता, आणि आपल्या घरांतही तो रोज विचारला जातो.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ सालचा, इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्यातला. वडील व्यापारी. त्या काळी इंग्लंडात राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिकांचा तिथे छळ होत होता. थॉमस पाउंड नावाच्या मित्रासोबत रोमला जाऊन जेझुइट संघात दाखल व्हायचे, असे स्टीफन्स यांनी ठरवले. पण निघण्याआधीच पाउंडला अटक झाली आणि त्याच्या आयुष्याची कितीतरी वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ साली संघात दाखल झाले. स्वतःच्या देशात स्वतःचा धर्म उघडपणे पाळता येत नव्हता, असा हा माणूस. पुढचे वाचताना एवढे ध्यानात असू द्या.

१५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून त्यांचे गलबत निघाले आणि ऑक्टोबरात गोव्याला लागले. सहा महिन्यांहून जास्त समुद्रप्रवास! पोचल्यावर त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे हॅक्लुट यांच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला माहीत असलेला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचेच नाव घेतात. मायदेशी ते पुन्हा गेले नाहीत. १६१९ साली गोव्यातच वारले. म्हणजे चाळीस वर्षे परमुलखात गेली, आणि त्यांतली बहुतेक साष्टीच्या खेड्यांत.

मायदेशाच्या माणसांना मात्र ते विसरले नाहीत. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. स्टीफन्स यांनी खटपट केली तेव्हा ते जामिनावर सुटले.

आता मुख्य गोष्ट. परक्या मुलखात आपला धर्म सांगायचा तर माणसे दोन वाटा धरतात. एक, आपली भाषा लोकांवर लादायची. दुसरी, त्यांची भाषा शिकायची. स्टीफन्स दुसऱ्या वाटेने गेले. आल्यावर चारच वर्षांनी, १५८३ साली, त्यांनी आपल्या भावाला कळवले की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी जुळते. विल्यम जोन्स यांनी संस्कृतबद्दल अशाच अर्थाचे सांगितले ते १७८६ साली, दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांचे कान किती तयार होते ते यावरून समजेल. लोकांच्या रोजच्या बोलण्याचे त्यांनी व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोलला छापले गेले. ख्रिस्ती शिकवणीचे त्यांचे कोकणी पुस्तकही मृत्यूनंतर, १६२२ साली निघाले. ते सवाल-जवाबाच्या रूपाने आहे. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. पोथी हाती नसली तरी ओसरीवर बसून पाठ करता यावे अशी ही रीत. शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही तिचे मोल सांगायला नको.

पण त्यांचे मोठे काम म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. त्याच्या आरंभीच तो प्रश्न येतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण फादरांना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही?

बंधू-भगिनींनो, या प्रश्नावर थोडे थांबा. जुने देव देव्हाऱ्यातून उतरले. हरिविजय, पांडवप्रताप माळ्यावर गेले किंवा नदीत गेले. पण संध्याकाळ तर रोज होते! दिवे लागल्यावर म्हातारी आजी म्हणते, काही वाचा रे. श्रावण येतो, लग्न येते, मर्तिक येते. तेव्हा तोंडातून कोणते शब्द काढायचे? धर्म बदलण्याचा निश्चय एका दिवसात होतो, घरातले शब्द बदलायला वेळ लागतो. स्टीफन्स यांनी हा प्रश्न धुडकावला नाही. प्रश्न करणाऱ्यावर डोळेही वटारले नाहीत. ते लिहायला बसले. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सारी कथा त्यांनी ओवीत घातली. सुमारे अकरा हजार ओव्या! स्वर्गाला शब्द वापरला तो वैकुंठ. मध्येच श्रोते शंका काढतात आणि फादर उत्तर देतात. मराठीची त्यांनी फुलांच्या आणि सुगंधाच्या उपमा देऊन केलेली स्तुती तुमच्या मुलांना शाळेत कधी ना कधी भेटेलच. ग्रंथ १६१४ साली पुरा झाला आणि १६१६ साली राशोलला छापला गेला. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून अक्षरे रोमन, भाषा मराठी.

इथपर्यंत सारे गोड आहे. पण नुसते गोड सांगून थांबणे बरे नाही. हा संवाद कोणत्या छायेत चालला होता? १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसले. १५६७ साली साष्टीतली शेकडो देवळे पाडली गेली, जुने ग्रंथ निषिद्ध ठरले. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. अकबराच्या दरबारात राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा त्यांतलेच एक. त्यावर पोर्तुगीजांनी काय केले? गावच्या प्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार मारले. ज्या मुलखात बोलणी या शब्दाचा असा अर्थ झाला, तिथे फादरांसमोर शंका काढणारा माणूस कितीशी मोकळी शंका काढणार? माझ्या मते पुराणातल्या श्रोत्यांचे प्रश्न खरे आहेत, पण सगळे प्रश्न त्यात आलेले नाहीत. देऊळ का पाडले, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडात धर्मापायी मित्राचा तुरुंगवास पाहिलेल्या माणसाला हे आतून जाणवले नसेल का?

आणखी एक गोष्ट. पुराण मागणारा तो श्रोता ब्राह्मण आहे. गोव्यात माणसे ख्रिस्ती झाली, पण बामण, चारडो, सुदीर ही जातींची उतरंड चर्चमध्येही राहिली. देवासमोर गुडघे टेकणाऱ्यांच्या मंडळ्याही जातीवार निघाल्या. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात कशी टिकली, हे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात परखडपणे तपासले आहे. स्टीफन्स यांनी भाषेची भिंत ओलांडली, जातीची भिंत त्यांच्या ओव्यांनी पडली नाही. शेतात राबणाऱ्या, सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाने फादरांना काय विचारले असते, ते त्या अकरा हजार ओव्यांतून आपल्याला कळत नाही. त्यांच्या विद्वत्तेचा मान राखूनही हे म्हटले पाहिजे.

पुढे त्यांच्याच लोकांनी त्यांची वाट सोडली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. तोवर 'ख्रिस्तपुराण' तीनदा छापून झाले होते, १६१६, १६४९ आणि १६५४ साली. त्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. गोव्यातून मंगळुराकडे गेलेल्या कुटुंबांनी ओव्या हाताने उतरवून जपल्या, त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली सालढाणा यांनी मंगळुरात ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन अक्षरांत. मराठी वाचकाच्या हाती देवनागरीतले पुस्तक पडले ते १९५६ साली, पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या संपादनातून. साष्टीतल्या त्या श्रोत्याने पुराण मागितल्याला तेव्हा साडेतीनशेच्या आसपास वर्षे झाली होती.