हुजूरबाजार: ‘जर-तर’ उलटवून पाहणारा कोल्हापूरचा गणिती

समजा, तुर्भ्याच्या फळबाजारात (आपण त्याला वाशी मार्केट म्हणतो, पण ते आहे तुर्भ्यात) हापूसच्या १,००० पेट्या आल्या. त्यातल्या ५० नकली. तपासनीस ९० टक्के नकली पेट्या पकडतो, पण १० टक्के अस्सल पेट्यांनाही चुकून नकली ठरवतो. त्याने एका पेटीवर फुली मारली. ती नकली असण्याची शक्यता किती?

९० टक्के? मोजून बघा. नकलीपैकी ४५ पेट्यांवर फुली, अस्सल ९५० पैकी ९५ वर. १४० फुल्यांत नकली फक्त ४५, म्हणजे जेमतेम ३२ टक्के. उरलेल्या ९५ पेट्यांचा भाव मात्र प्रामाणिक बागायतदाराचा बुडाला.

‘नकली असेल तर फुली’ आणि ‘फुली असेल तर नकली’ ही दोन वेगळी विधानं आहेत. एकीवरून दुसरीकडे कसं जायचं, यावर ज्यांनी हयात घालवली त्या गुरूकडे वसंत शंकर हुजूरबाजार शिकले.

जन्म १९१९, कोल्हापूर. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी. जेफ्रीज भूकंपाचेही अभ्यासक. हातात फक्त हादऱ्यांची नोंद, त्यावरून पृथ्वीच्या पोटात काय आहे ते ओळखायचं. (खंड सरकतात हे मात्र या गृहस्थांनी कधी मानलं नाही!) परिणामावरून कारणाकडे जायची ही वाट तेव्हा बदनाम होती. रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या दिग्गजाचा तिला कडवा विरोध. कारण सुरुवातीचा एक अंदाज धरावा लागतो, आपण वर ५० धरले तसा. तो आणायचा कुठून?

काहीच माहीत नाही म्हणून सगळं समान धरावं, तर नवी पंचाईत. चौरस खोक्याची बाजू १ ते ३ फूट आहे, एवढंच कळलंय. ती २ फुटांहून कमी असण्याची शक्यता निम्मी वाटते. आता क्षेत्रफळाने विचार करा: १ ते ९ चौरस फूट. ते ४ हून कमी असण्याची शक्यता ८ पैकी ३. खोकं तेच, उत्तरं दोन! माप बदललं तरी उत्तर टिकावं, असा नियम जेफ्रीज यांनी मांडला. हुजूरबाजार यांनी त्या कामात भर घातली. गंमत म्हणजे त्यांचा १९४८ चा गाजलेला निबंध फिशर यांच्याच पद्धतीचा पाया पक्का करणारा होता.

१९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. १९६० मध्ये केंब्रिजचा ॲडम्स पुरस्कार, १९७४ मध्ये पद्मभूषण. १९९१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या दोन मुलीही संख्याशास्त्रज्ञ झाल्या.