माशाच्या पोटातला पुरावा

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना पकडा, मला नको.

धारूरला माझं आजोळ. दिवाळीत तिथे गेले की मामाबरोबर ओढ्यावर जायचं हे ठरलेलं. गळाला गांडूळ लावून मामा तासभर गप्प बसू शकतो, मी नाही. कंटाळून मी पाण्यातले दगड उलटे करायला लागले, तर एकाखाली चिखलाच्या रंगाचा, सहा पायांचा किडा निघाला. मामाने सांगितलं की हे चतुराचं पिल्लू. उडायला लागण्याआधी चतुर पाण्याखाली वाढतो हे मला माहीतच नव्हतं! अशा पिल्लाला निंफ म्हणतात.

होस्टेलवर येऊन नेटवर बसले आणि भलतंच जग उघडलं. अमेरिकेतल्या खडकाळ नद्यांत स्टोनफ्लाय नावाचा किडा असतो. त्याच्या काही मोठ्या जातींचं निंफ तीन-चार वर्षं दगडांखाली काढतं आणि ट्राउट मासा ते आवडीने खातो. म्हणून हौशी लोक हुकवर तार, धागा, पिसं आणि रबराचे पाय बांधून हुबेहूब तसं निंफ बनवतात, अगदी पायाच्या सांध्यासकट. मला प्रश्न पडला, मासा सांधे मोजतो का? उत्तर शोधताना जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज भेटले. निंफने मासेमारी करणारे लोक त्यांना या विद्येचा जनक मानतात.

जन्म 1858 चा, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सचा. स्कॉलरशिप मिळवून विंचेस्टरच्या शाळेत राहिले आणि तिथल्याच इचेन नदीवर मासे धरायला शिकले. पुढे लंडनमध्ये वकील झाले. लग्न केलं नाही. 1883 पासून विंचेस्टरजवळच्या अ‍ॅबट्स बार्टन इथल्या पाण्यावर जायला लागले ते पन्नासहून जास्त वर्षं.

त्या काळी फ्रेडरिक हॅल्फर्ड यांचा दरारा होता. 1886 आणि 1889 साली आलेली त्यांची पुस्तकं म्हणजे अशा नितळ नद्यांचा जणू सिलॅबसच. खोटी माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, बुडाली तर तो खेळ नव्हे! स्क्यूजही आधी तसेच वागत होते. पण एकदा पिसं नीट न बसलेली माशी बुडाली आणि ट्राउटने नेमकी तीच धरली. वर्कशॉपमध्ये आपला जॉब बिघडला की आपण तो लपवतो. यांनी तो का चालला याचा शोध घेतला.

शोध कसा घेतला, हा मला सगळ्यात आवडलेला भाग. नळीतल्या हाडाचा मगज काढायचा एक लांबट चमचा असतो. मारलेल्या ट्राउटच्या तोंडातून तो आत घालून पोटातलं खाणं बाहेर काढायचं आणि पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात सोडायचं. गोळा सुटतो, किडे वेगवेगळे होतात. पंखवाल्या माश्या थोड्या, निंफच जास्त! म्हणजे मासा जेवतो पाण्याखाली आणि सगळे गळ टाकतात पाण्यावर.

मग ते बशीतले किडे समोर ठेवून बांधायला लागले. बारीक हुक, रेशमी धागा, अंगाला लोकर, पंख फुटायच्या जागी थोडा फुगवटा आणि मानेपाशी पिसाचे एक-दोनच अगदी आखूड वेढे. आजच्या स्टोनफ्लायवाल्यांना ते अर्धवट काम वाटेल, पण रंग, आकार आणि लांबी मात्र बशीतली. (ते वापरत त्या दुसऱ्याच्या एका माशीला टप्स इंडिस्पेन्सेबल हे नाव त्यांनी दिलं. तिच्यात मेंढ्याच्या कुठल्या जागची लोकर असते ते इथे छापता येणार नाही.)

1910 आणि 1921 साली पुस्तकं आली. हॅल्फर्ड 1914 मध्ये गेले, पण त्यांचे अनुयायी गुरूपेक्षा कडक निघाले. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निंफवर जाहीर वाद झाला. समोर 79 वर्षांचे स्क्यूज. त्यांच्या अ‍ॅबट्स बार्टनच्या सोबत्यांनाही निंफ खटकायला लागलं होतं. त्याच वर्षी त्यांनी ते पाणी सोडलं. आयुष्यभराची नदी हो! आपण व्हायव्हात सरांनी डोळे वटारले तरी बरोबर उत्तर बदलतो. त्यांनी उत्तर बदललं नाही, नदी बदलली. नॅडर नदीकाठी गेले, आणि 1939 साली निंफवरचं पुस्तक काढलं. 1949 मध्ये ते वारले तेव्हा नव्वदीचे होते. त्यांची राख मात्र इचेनवरच, अ‍ॅबट्स बार्टनला नेऊन टाकली.

या दिवाळीत मामाला एक चिलापी लागली. मी मामीकडे पांढरी बशी मागितली, कशाला ते सांगितलं नाही. पोट कापून बशीत सोडलं, तर हिरवं शेवाळ, शेवाळ आणि शेवाळ. किडा एकही नाही. मामा म्हणे चिलापी तेच खाते, मरळ लागू दे मग बघ. मरळ काही लागली नाही. मामीने ती बशी आता कुत्र्याला दिली आहे.