एमी जॉन्सन : लंडन ते डार्विन

अंतरास वेगानें भागलें कीं प्रवासाचा काळ निघतो, हें गणित आमच्या चौथीच्या मुलांसहि येतें. आकाशांत तें कितपत खरें ठरतें, हें पाहावयाचें असेल त्यांनीं एमी जॉन्सन ह्या विमानचालक बाईंचें चरित्र वाचावें.

बाईंचा जन्म १९०३ सालीं इंग्लंडांतील हल बंदरीं झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन त्या लंडनांत एका वकिलाच्या कचेरींत टंकलेखन करूं लागल्या व फुरसतीच्या वेळीं विमान चालविण्यास शिकल्या. १९२९ सालीं वैमानिकाचा परवाना मिळाला. पण आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, त्याच वर्षीं त्यांनीं विमानदुरुस्तीचाहि परवाना मिळविला. तो मिळविणाऱ्या ब्रिटनमधील त्या पहिल्याच स्त्री.

५ मे १९३० रोजीं बाई लंडनजवळच्या क्रॉयडन येथून एकट्या निघाल्या. विमान जुनें, एका इंजिनाचें, वरून उघडें. जावयाचें होतें ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथें. वाट सुमारें ११,००० मैलांची. ताशीं ८५ मैल धरले तर हिशेब १३० तासांचा, म्हणजे साडेपांच दिवसांचाच होतो. प्रत्यक्षांत हिंक्लर ह्या वैमानिकास १९२८ सालीं साडेपंधरा दिवस लागले होते, आणि बाईंना तो विक्रम मोडावयाचा होता.

बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळानें त्यांना वाळवंटांतच खालीं उतरविलें. तरीहि सहाव्या दिवशीं त्या कराचीस पोहोंचल्या. हिंक्लरपेक्षां दोन दिवस कमी! पुढें पेट्रोल संपत आल्यामुळें झांशीच्या लष्करी मैदानावर उतरावें लागलें. रंगूनजवळ मात्र दैव फिरलें. भर पावसांत इन्सीन येथील तांत्रिक विद्यालयाच्या मैदानावर उतरतांना विमान चरांत गेलें, पंख फाटला, पुढचा पंखा मोडला. जादा पंखा बाईंनीं बरोबर बांधून आणलाच होता. पंखास कापड कोठून आणावें? पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या उरलेल्या कापडाचे कोणी सदरे शिवले होते. ते उसवून पंखास ठिगळें लावलीं. दुरुस्ती झाली, पण आघाडी गेली. तिमोर समुद्र ओलांडून २४ मे रोजीं त्या डार्विनला उतरल्या. एकूण साडेएकोणीस दिवस. विक्रम हुकला; परंतु इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीनें उडत जाणारी पहिली स्त्री म्हणून जगानें त्यांना डोक्यावर घेतलें.

पुढें १९३४ सालीं त्या व त्यांचे पति मॉलिसन इंग्लंडहून कराचीस सुमारें बावीस तासांत आले. (२०१८ पासून तर लंडनहून ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं विमान कोठेंहि न थांबतां सुमारें सतरा तासांत जाऊं लागलें.)

दुसऱ्या महायुद्धांत बाई विमानें पोहोंचविण्याच्या कामावर होत्या. ५ जानेवारी १९४१ रोजीं ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळ किडलिंग्टन येथें जावयाचें होतें. वाट अवघ्या दीड तासाची. आभाळ भरलेलें, विमानांत बिनतारी यंत्र नाहीं. साडेतीन तासांहून अधिक वेळानें त्या मुक्कामाच्या शंभर मैल पूर्वेस, थेम्सच्या मुखाशीं, हवाई छत्रीनें समुद्रांत उतरल्या. जवळच्या जहाजावरील अधिकारी वॉल्टर फ्लेचर ह्यांनीं त्यांना वांचविण्यासाठीं त्या गोठविणाऱ्या पाण्यांत उडी घेतली. तेहि वांचले नाहींत. बाईंचा देह कधींच सांपडला नाहीं.