एक खोली, दोन पाळ्या

घडीचं फर्निचर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सोफा-कम-बेड, भिंतीला बिजागरीवर टांगलेलं टेबल, खाली खण असलेला दिवाण... मला मात्र सध्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात! हसू नका. राज्यघटना, महाडचं चवदार तळं, नागपूरची दीक्षा हे सगळं आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलोय. पण यंदा सुट्टीत लोह्याला घरी असताना मी त्यांचं चरित्र पुन्हा वाचलं आणि या वेळी एकच गोष्ट शोधत वाचलं : हा माणूस बसायचा कुठे, झोपायचा कुठे, आणि पुस्तकं ठेवायचा कुठे? मेकॅनिकलच्या पोराला असलेच प्रश्न पडणार!

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, मध्य भारतातल्या महू छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. हे त्यांचं चौदावं अपत्य. वडिलांच्या निवृत्तीनंतर दापोली, मग सातारा असं करत कुटुंब 1904 च्या सुमारास मुंबईला आलं आणि लोअर परळच्या डबक चाळीत राहू लागलं. चाळीत किती खोल्या मिळाल्या? एक. घर मोठं, खोली एक.

आता ती खोली कशी होती ते बघा. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. चुलीचा धूर तिथेच. डोक्यावर माळा, त्यावर सरपण. भांडीकुंडी सगळीकडे. भीमराव जिथे आडवे होत तिथे उशाशी दगडी जातं आणि पायाशी बांधलेली शेळी! सगळ्यांना एकदम पाय पसरता येतील एवढी जमीनच नव्हती. मग रामजीबाबांनी एक तोडगा काढला. मुलाने रात्री लवकर झोपायचं. वडील तोवर जागे. मध्यरात्रीनंतर दोन वाजता ते मुलाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. मुलगा काचेशिवायच्या चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे शिफ्टमध्ये चालणारं मशीन झालं. मशीन एक, ऑपरेटर दोन, पाळ्या दोन. कॉम्प्युटरवाले याला टाइम शेअरिंग म्हणतात. पलंगाची घडी घालता येत नव्हती (मुळात पलंगच नव्हता), म्हणून रामजीबाबांनी वेळेचीच घडी घातली. निवृत्त सुभेदार, शरीर थकलेलं, आणि तरी रोज रात्री दोनपर्यंत जागं राहायचं. मला वाटतं त्या घरातली सगळ्यात मोठी सोय हीच होती आणि ती कुठल्या दुकानात मिळत नव्हती. याची किंमतही होती. दोघांना शिकवण्याएवढा पैसा नव्हता, म्हणून थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. धाकट्याच्या पुस्तकांसाठी रामजीबाबा लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणायचे, गहाण टाकायचे. जिथे माणसं मावत नव्हती त्या खोलीत पुस्तकं मात्र येत राहिली.

इथे थोडं आपल्याकडचं सांगतो. लोह्याच्या जुन्या माळवदाच्या घरांत जागा वाचवायची विद्या आधीपासून होती, फक्त तिला कोणी डिझाइन म्हणत नव्हतं. मडक्यांची उतरंड म्हणजे एका मडक्याच्या जागेत सात मडकी. भिंतीच्या जाडीत कोनाडे आणि फडताळ. आढ्याला शिंकं. बाज दिवसा भिंतीला उभी, वाकळींची वळकटी दांडीवर. आम्ही तिघं मित्र नांदेडला ज्या खोलीत राहतो तिथे हेच थोडं सुधारून वापरलंय. तीन फूट बाय दोन फुटांचा 18 एम.एम. प्लायवूडचा तुकडा, मागच्या कडेला लांब पट्टी-बिजागरी, दोन्ही बाजूंना साखळ्या. खाली पाडला की टेबल, वर लावला की भिंत. साखळी भिंतीशी साधारण 45 अंशात बसवली की वजन नीट पेलतं, फार आडवी बसवली तर ताण उगाच वाढतो (अप्लाइड मेकॅनिक्सचा पहिला धडा!). टेबल मस्त चालतं. पण एकाला रात्री बाराला दिवा हवा आणि दुसऱ्याला अंधार, यावर ते टेबल काहीच करू शकत नाही. छोट्या घरात जमीन कमी असतेच, पण त्याहून जास्त तुटवडा असतो तो उजेडाचा आणि शांततेचा. फर्निचरच्या कॅटलॉगमध्ये हे लिहिलेलं नसतं.

शांततेसाठी भीमरावांनी घराबाहेरची जागा धरली. एल्फिन्स्टन हायस्कूल सुटलं की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर या मुलावर पडली. 1907 मध्ये मॅट्रिक पास झाल्यावर सत्कार झाला, त्यात केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. आता विचार करा, घरात वेगळी खोली असती तर हा मुलगा बागेत गेला असता का? पण म्हणून गरिबी चांगली, असं मी मुळीच म्हणत नाही. एक शेळी पायाशी घेऊन वाचणारा मुलगा पुढे गेला, तसे न गेलेले कितीतरी असतील.

लग्नाचंही तसंच. रमाबाईंशी त्यांचं लग्न लागलं ते भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचा बाजार उठल्यावर. वरपक्ष एका कोपऱ्यात, वधूपक्ष दुसऱ्या. विक्रेत्यांचे दगडी ओटे हीच बैठक आणि पायांखालून वाहणारं घाण पाणी. सकाळी बाजार भरायच्या आत सगळं आटोपायचं. पुन्हा तेच, एक जागा आणि दोन पाळ्या.

1912 मध्ये बी. ए. झाले. याच सुमारास कुटुंब परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आलं. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईची गर्दी कमी करायला सरकारने 1898 मध्ये हा ट्रस्ट काढला होता, त्यानेच या चाळी बांधल्या. पहिल्या नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 नंबरच्या खोल्या. वडील 2 फेब्रुवारी 1913 ला गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. गंमत म्हणजे अमेरिकेत तेव्हा छोट्या फ्लॅटसाठी भिंतीत उभी होणारी खाट विकली जात होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीने ती काढली, म्हणून मर्फी बेड. बाबासाहेबांना तिचं काही पडलेलं नसावं. ते ग्रंथालय उघडायच्या आधी दारात आणि बंद होताना शेवटी बाहेर. पोटाला चिमटा काढून सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं विकत घेतली. 1916 मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. पुस्तकं आणि सामान वेगळ्या बोटीने येत होतं, ती बोट टॉर्पेडोने समुद्रात बुडाली.

नुकसानभरपाईचे थोडे पैसे मिळाले, त्यातून बडोद्याचं भाडं निघालं. करारानुसार तिथे नोकरी करायची होती. आणि इथे मात्र माझा फर्निचरचा विषय मला तोकडा वाटू लागला.

कोलंबियात शिकून आलेला हा तरुण बडोदा स्टेशनवर उतरला आणि त्याला राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत अस्पृश्याला प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून मुक्काम केला. वरच्या मजल्यावर एक लहानशी झोपायची खोली आणि न्हाणी. बाकी सगळा मजला म्हणजे एक भलंमोठं दालन आणि ते भरलेलं होतं फळ्या, बाकं आणि मोडक्या खुर्च्यांनी! दिवसा कचेरी, रात्री त्या अंधाऱ्या अडगळीत एक कंदील घेऊन वाचन. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव वर आला आणि त्यांना बाहेर काढलं. ओळखीच्या लोकांकडे विचारून पाहिलं, कोणी घरात घेतलं नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

म्हणजे चौरस फूट भरपूर होते. मोडक्या खुर्चीला जागा होती, माणसाला नव्हती. या एका प्रसंगापाशी मी दोन दिवस अडकलो होतो. आजही आपल्यापैकी काही मित्रांना शहरात खोली शोधताना आडनाव विचारलं जातं, हे आपल्याला माहीत आहे आणि आपण त्यावर कँटीनमध्ये फारसं बोलत नाही.

पुढे 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार चांगला होता. तरी राहिले चाळीतच. पैसे साठवले आणि 1920 मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडन गाठलं. तिथे किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरात खोली घेतली. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. रात्री भूक लागली की एका मित्राने दिलेल्या गठ्ठ्यातले पापड भाजून खायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचं. डबक चाळीतली दुसरी पाळी अजून चालूच होती! 1923 मध्ये डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले. लंडनचं ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं.

परत आल्यावर पत्ता तोच, परळची चाळ. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 ची, महाडचा सत्याग्रह 1927 चा, गोलमेज परिषदा 1930 ते 1932 च्या. म्हणजे लंडनला ब्रिटिश पंतप्रधानांसमोर बसून जो माणूस हक्क मागत होता, तो मुंबईत दोन खोल्यांच्या चाळकऱ्यांपैकी एक होता. कोल्हापूरचे शाहू महाराजही त्यांना भेटायला या चाळीत येऊन गेले होते. हे सगळं निभावलं ते रमाबाईंनी. नवरा परदेशी असताना तुटपुंज्या पैशांत घर चालवायचं आणि नवरा घरी असला की त्याच्या पुस्तकांना वाट करून द्यायची. त्यांची चार मुलं दगावली. धाकटा राजरत्न 1926 मध्ये गेला. चरित्रात रमाबाईंवर फार थोडी पानं आहेत, ही माझी तक्रार आहे.

पुस्तकं वाढतच होती. शेवटी दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी जागा घेऊन घर बांधायला काढलं. बांधकामात स्वतः बारीक लक्ष घातलं. मगधाच्या जुन्या राजधानीवरून नाव ठेवलं, राजगृह. आपण घर बांधतो तेव्हा आधी हॉल, किचन, बेडरूम ठरवतो, मग उरलं तर पुस्तकाचं कपाट. इथे उलट होतं. खाली कुटुंब, वरचा मजला ग्रंथालय. 1934 च्या सुमारास ते तिथे राहायला गेले. सुमारे 22 वर्षं ज्या चाळीशी नातं होतं ती सुटली. पण रमाबाईंना हे मोठं घर फार दिवस लाभलं नाही. 27 मे 1935 ला राजगृहातच त्या गेल्या.

आपल्या मराठवाड्याचा संबंध इथून पुढे येतो. त्या काळी मराठवाड्यात कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यांनी 1945 मध्ये काढली होती, तिचं कॉलेज 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सुरू झालं. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. कॉलेजबरोबर वसतिगृह हवंच, हा त्यांचा हट्ट होता. खेड्यातल्या मुलाला वर्गात बाक मिळेल, पण रात्री कंदील कुठे ठेवायचा? शहरात त्याला खोली कोण देणार? बडोदा ज्याने पाहिलं त्याला हा प्रश्न कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी त्या वसतिगृहात शिकले. त्यांना तिथे स्वतःची खाट मिळाली होती. आयुष्यातली पहिली. त्याआधी घरी ते बैलांच्या गोठ्यालगत झोपायचे. वर्गात काय शिकवलं हे ते फारसं सांगत नाहीत, खाटेबद्दल मात्र आजही सांगतात, लोखंडी होती आणि कुरकुरायची म्हणून.

5 डिसेंबर 1956 च्या रात्री दिल्लीत 26, अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेब आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाची प्रस्तावना वाचत होते. सकाळी ते उठले नाहीत. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं आणि रात्री राजगृहात ठेवलं, ग्रंथांच्या त्या मजल्याखाली. बाहेर हिंदू कॉलनीचे रस्ते माणसांनी भरून गेले होते.