वाल्डेमार हाफकिन : एका चिमट्याचा धडा

परळची हाफकिन संस्था लसींसाठी सर्वांना माहीत आहे. पनवेल परिसरात मत्स्यतळे करणाऱ्यांनी मात्र हाफकिन यांचे चरित्र आणखी एका कारणासाठी वाचावे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे. धर्म बदलण्यास नकार दिल्याने प्राध्यापकपद मिळाले नाही. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयात नोकरी धरली. त्यांचे सुरुवातीचे संशोधन पाण्यातील सूक्ष्मजीवांवर होते. पॅरामिशियमच्या शरीरात वाढणाऱ्या रोगजंतूंचे वर्णन त्यांनी १८९० मध्ये केले. रोहू-कटल्याच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी या पॅरामिशियमच्याच गटातला आहे. (कोलंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वेगळा, तो विषाणूमुळे होतो.)

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी कॉलऱ्याची लस प्रथम स्वतःला टोचली. १८९३ मध्ये ते भारतात आले व कलकत्त्यात तळ्याकाठच्या वस्त्यांत लसीकरण केले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर ते येथे आले. भायखळ्याला लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी तीही स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे दिसून आले की, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या तळ्यावर हा चिमटा म्हणजे जाळे, बादली आणि सुरी. म्हणून :

- एका तळ्यातील ओले जाळे दुसऱ्यात टाकू नका. धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा.
- नवीन बीज काही दिवस वेगळे ठेवून तपासा.
- तळ्यात सांडपाणी व मैला येऊ देऊ नका. कॉलऱ्याचे जंतू खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही राहतात.
- मासळी व कोलंबी पूर्ण शिजवा. मासळी कापलेली सुरी व पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.